मामा, काका आणि मॅन रे

चित्र तयार करून देणाऱ्या कुठल्याही ॲपला 'सररिअल' एवढा एकच शब्द दिला, की काय मिळतं हे आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. वितळणारी घड्याळं, ढगात उघडलेला डोळा, वाळवंटात एकटंच उभं असलेलं दार, लांब सावल्या, गुळगुळीत रंग. सररिअल म्हणजे एक स्टाईल, एक फिल्टर. स्वप्नासारखं काहीतरी विचित्र, पण फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येईल असं.

रोझलिंड क्राउस या अमेरिकन कला-इतिहासकार. अतिवास्तववाद ही स्टाईल का होऊ शकत नाही, हे त्यांनी १९८१ सालीच एका निबंधात दाखवलं होतं. त्या निबंधाचं नाव 'द फोटोग्राफिक कंडिशन्स ऑफ सररिअलिझम'. पुढे १९८५ मध्ये तो 'द ओरिजिनॅलिटी ऑफ द अवाँ-गार्द अँड अदर मॉडर्निस्ट मिथ्स' या त्यांच्या पुस्तकात आला. त्याच वर्षी त्यांनी जेन लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत 'लामूर फू' हे अतिवास्तववादी फोटोग्राफीचं प्रदर्शन केलं आणि त्याचं जाडजूड पुस्तकही आलं. हे लेखन चाळीस वर्षांहून जुनं आहे आणि वाचायला सोपं नाही. तरी आज फोनवर रोज शेकडो चित्रं बघणाऱ्या माणसाला त्यातून जेवढं मिळतं, तेवढं फार कमी लेखनातून मिळतं. त्यात एक मोठी फटही आहे. ती फट नेमकी कुठे आहे, तेही या लेखात सांगायचं आहे.

मिरो आणि माग्रित एका रांगेत कसे?

क्राउस सुरुवात एका साध्या अडचणीपासून करतात. अतिवास्तववादी चित्रकार म्हणून आपण झोआन मिरोचं नाव घेतो आणि रने माग्रितचंही. मिरोच्या कॅनव्हासवर तरंगणाऱ्या रेषा आणि ठिपके असतात. हात आपोआप फिरू द्यायचा आणि मनाची लगाम सोडायची, असा तो मार्ग. माग्रितचं चित्र दुकानाच्या पाटीइतकं स्वच्छ रंगवलेलं असतं, विचित्र असतो तो त्यातला प्रसंग. दोघांच्या चित्रांमध्ये दिसण्याच्या पातळीवर काहीच समान नाही. मग त्यांना एका चळवळीत बसवणारी गोष्ट कोणती?

समीक्षकांनी या प्रश्नावर बरीच डोकेफोड केली होती. चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ याचीही त्यात मदत होत नाही. १९२४ च्या जाहीरनाम्यात तो आपोआप लिहिण्याला सर्वस्व मानतो, आणि पुढे स्वप्नचित्रांनाही तितकंच जवळ करतो. क्राउस म्हणतात, आपण चुकीच्या भिंतीकडे बघतोय. चित्रांच्या गॅलरीतून बाहेर या आणि या मंडळींची मासिकं उघडा: 'ला रेव्होल्युसिओं सुर्रेआलिस्त', 'दोक्युमाँ', 'मिनोतोर'. पानापानावर फोटो आहेत. ब्रेताँच्या 'नाद्या' (१९२८) या पुस्तकात वर्णनांऐवजी फोटो आहेत. ज्या चळवळीला आपण स्वप्नांची चळवळ म्हणतो, ती सतत कॅमेऱ्याकडे धावत होती. आणि कॅमेरा तर सगळ्यात कमी स्वप्नाळू यंत्र! समोर जे आहे तेच टिपणारं.

क्राउस यांचा सगळा युक्तिवाद याच विसंगतीतून उभा राहतो.

आधी थोडं क्राउस यांच्याविषयी

क्राउस यांचा जन्म १९४१ चा. साठच्या दशकात त्या 'आर्टफोरम'मध्ये लिहू लागल्या, तेव्हा अमेरिकन समीक्षेत क्लेमेंट ग्रीनबर्गचा शब्द चालत होता. ग्रीनबर्गचं म्हणणं थोडक्यात असं: चांगलं आधुनिक चित्र स्वतःच्या माध्यमाकडे वळतं. सपाट कॅनव्हास, रंग, कडा. बाकी कथा, भावना, साहित्य हे सगळं बाहेरचं. मराठी वाचकाला हा सूर अगदीच परका नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींवर कलाकृतीचं सौंदर्य तोललं, तेव्हा त्यांचाही कल कलाकृतीच्या रचनेकडेच होता.

क्राउस ग्रीनबर्गच्या तालमीत तयार झाल्या आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती तालीम सोडली. १९७६ मध्ये ॲनेट मायकेलसन यांच्याबरोबर 'ऑक्टोबर' हे नियतकालिक सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. नाव आयझेनश्टाइनच्या सिनेमावरून घेतलेलं. फ्रेंच विचारवंतांची भाषाशास्त्रातून आलेली हत्यारं अमेरिकन कलासमीक्षेत आणण्याचं मोठं काम या नियतकालिकाने केलं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहिते, त्यामुळे या हत्यारांचं मला आकर्षण वाटणं साहजिक आहे. क्राउस चौकटी आखतात. १९७९ च्या शिल्पकलेवरच्या प्रसिद्ध निबंधात तर त्या शिल्प, वास्तू आणि निसर्गदृश्य यांची 'आहे/नाही' अशी जोड्यांची आकृतीच काढतात आणि तेव्हाची सगळी नवी, विचित्र कामं त्या आकृतीच्या कोपऱ्यांत बसवून दाखवतात. ट्रूथ टेबल लिहिलेल्या कुणालाही ते वाचताना ओळखीच्या गल्लीत आल्यासारखं वाटेल. कलाकाराचं मन, त्याची वेदना, त्याची प्रतिभा यांवर न बोलता एखादी गोष्ट कशी चालते हे सांगता येतं, याचा तो आनंद असतो.

ठसा, आणि ठशाची पुनरुक्ती

आता त्यांच्या फोटोच्या युक्तिवादाकडे येऊ. १९७७ च्या एका दोन भागांतल्या निबंधात क्राउस यांनी चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाची एक कल्पना उचलली होती. काही खुणा वस्तूसारख्या दिसतात म्हणून तिच्याबद्दल सांगतात, जसं रेखाचित्र. काही खुणा वस्तूने स्वतःच मागे ठेवलेल्या असतात. चिखलातलं वाघाचं पाऊल. डोंगरावरचा धूर. फोटो हा दिसतो रेखाचित्रासारखा, पण जातीने तो वाघाच्या पावलाचा भाऊ आहे. समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश फिल्मवर पडला म्हणून तो झाला. ती वस्तू तिथे होती, याचा तो ठसा.

म्हणून साध्या फोटोत वास्तव सलग येतं. मध्ये फट नसते. भाषा मात्र फटींवर चालते. एक अक्षर, मग मोकळी जागा, मग दुसरं अक्षर. आता त्या सलग ठशात फट पाडली तर?

इथे क्राउस मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसच्या एका निरीक्षणाची मदत घेतात. बाळ 'पा' असा आवाज काढतं, तेव्हा तो नुसता आवाज असतो. ते 'पापा' म्हणालं, की दुसऱ्या 'पा'मुळे पहिला 'पा'ही बदलतो. पुनरुक्ती सांगते, की हा आवाज चुकून निघालेला नाही, तो मुद्दाम काढलाय, काहीतरी सांगण्यासाठी. आवाजाची खूण होते.

फ्रेंचमध्ये हे उदाहरण चांगलं आहे, मराठीत ते थेट घरात घुसतं. बाबा, काका, मामा, दादा, नाना, तात्या नव्हे पण ताताही. आपलं अर्धं कुटुंब दुहेरी आवाजांचं बनलेलं आहे. 'का' हा प्रश्न आहे, 'काका' हा माणूस आहे. 'मा' नुसतं तोंडातून निघतं, 'मामा' म्हटलं की कुणीतरी वळून बघतं.

अतिवास्तववादी फोटोग्राफरांनी हेच दृश्यात केलं, असं क्राउस यांचं म्हणणं. मॅन रेने एकच प्रतिमा एकावर एक थोडी सरकवून छापली. हान्स बेलमरने सुटे अवयव जोडून बाहुली केली, ज्यात पायांना पुन्हा पाय फुटले, आणि तिचे फोटो काढले. दुसऱ्यांदा आलेली आकृती पहिलीला खूण बनवते. फोटो बघताना आपल्याला वाटतं, की समोरचं जगच काहीतरी म्हणतंय.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. बर्लिनच्या दादावाद्यांनी याआधी फोटो कात्रीने कापून, चिकटवून मॉन्ताज केले होते. तिथे कापल्याची कड दिसते, कुणीतरी बाहेरून येऊन जगावर टिप्पणी केली हे कळतं. पॅरिसच्या या मंडळींनी कात्री कमी वापरली. त्यांनी डार्करूममध्ये दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या, प्रिंट धुता धुता मध्येच दिवा लावला, आरसे वापरले, किंवा नुसता कॅमेऱ्याचा कोन फिरवला. कागद शेवटी सलगच राहिला. म्हणजे फट तर आहे, पण ती कात्रीने पाडलेली दिसत नाही. ती वास्तवातच होती असं वाटतं. वास्तव स्वतःच लिहितंय.

ब्रेताँ ज्याला झटका देणारं सौंदर्य म्हणतो ते हेच, असं क्राउस दाखवतात. त्याची एक आवडती जात म्हणजे निसर्गाने केलेली नक्कल. १९३५ मध्ये 'मिनोतोर'मध्ये रोजे काय्वाने कीटकांच्या नकलेवर जो निबंध लिहिला, त्यात कॅलिमा जातीचं फुलपाखरू येतं. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान. या जातीतलं एक फुलपाखरू आपल्या सह्याद्रीतही आहे, पावसाळी ट्रेकला गेलेल्यांनी कदाचित पाहिलंही असेल, किंवा ते समोर असून पाहिलं नसेल. कुणी चित्रकार नाही, ब्रश नाही, तरी निसर्गात एक वस्तू दुसऱ्या वस्तूचं चित्र बनून बसलेली आहे.

अंगठा आणि बसचं तिकीट

क्राउस यांच्या अतिवास्तववादाचा नायक ब्रेताँ नाही, हेही सांगायला हवं. त्यांचा कल त्याचा प्रतिस्पर्धी जॉर्ज बाताय याच्याकडे आहे. बातायचं 'दोक्युमाँ' हे मासिक १९२९-३० या दोनच वर्षांत चाललं. त्यात 'निराकार' या शब्दाची एक छोटी नोंद आहे. बाताय म्हणतो ते असं, की शब्दकोशाने अर्थ देत बसू नये, शब्द काय काम करतात ते सांगावं. आणि 'निराकार' या शब्दाचं काम आहे खाली आणणं: प्रत्येक गोष्टीला नीटस आकार असलाच पाहिजे हा आग्रह मोडणं.

त्याच मासिकात जाक-आंद्रे ब्वाफारने काढलेले पायाच्या अंगठ्याचे फोटो आले. पूर्ण पान, मागे काळोख, मध्ये एक अंगठा. त्यात काही खोटं नाही, काही जोडलेलं नाही. फक्त जवळ जाणं आणि बाकीचं शरीर कापून टाकणं एवढंच. पण बघवत नाही. माणूस ताठ उभा राहतो, त्याचं डोकं आकाशाकडे असतं, हा जो आपल्याला स्वतःविषयीचा अभिमान आहे, तो या अंगठ्यापाशी येऊन चिखलात बसतो. १९३३ मध्ये 'मिनोतोर'मध्ये ब्रासायचे फोटो आले, दालीच्या मजकुरासह. खिशात नकळत गुंडाळलं गेलेलं बसचं तिकीट, साबणाचा तुकडा, पिळून निघालेली टूथपेस्ट. नाव: अजाणता झालेली शिल्पं. जवळून, नीट प्रकाशात टिपलेलं ते तिकीट एखाद्या प्राचीन अवशेषासारखं दिसतं.

मला क्राउस यांच्या लेखनातला हा भाग सगळ्यात आवडतो. विचित्रपणा आणण्यासाठी उडते हत्ती लागत नाहीत. खिशातलं तिकीट पुरतं. फक्त ते खरोखर कुणाच्या तरी खिशात असायला हवं.

कुठल्या कप्प्यातला फोटो?

क्राउस यांचा दुसरा मोठा प्रश्न आहे, की चित्र कुठे ठेवलं होतं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे यूजीन अत्जे.

अत्जेने पॅरिसच्या गल्ल्या, दुकानं, दारं, जिने यांचे हजारो फोटो काढले. जून १९२६ मध्ये 'ला रेव्होल्युसिओं सुर्रेआलिस्त'च्या मुखपृष्ठावर त्याचा एक फोटो आला. १९१२ चं ग्रहण बघायला पॅरिसच्या चौकात जमलेली गर्दी, सगळ्यांचे चेहरे आकाशाकडे. अत्जेने अट घातली होती, की माझं नाव छापू नका. पुढच्याच वर्षी तो गेला, आणि नंतर त्याला आधुनिक फोटोग्राफीचा महापुरुष करण्यात आलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६८ मध्ये त्याचा मोठा संग्रह विकत घेतला.

मग एक कोडं उरलं. अत्जेने निगेटिव्हना दिलेले क्रमांक काळाच्या क्रमाने जात नव्हते. अभ्यासकांना वाटलं, या क्रमांकांत कलावंताच्या मनाची किल्ली असणार. ते कोडं सुटलं तेव्हा कळलं, की ती विषयवार यादी आहे. अत्जे ज्या ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना फोटो विकायचा, तिथल्या कार्डांच्या वर्गीकरणावरून आलेली. १९८२ च्या निबंधात क्राउस इथेच बोट ठेवतात. अमुक कोपऱ्याचा फोटो त्याने का काढला? यादीत तो कप्पा होता म्हणून. मग याला 'कलावंताची दृष्टी' म्हणायचं, की डेटाबेसची?

डेटाबेसबरोबर दिवस काढणाऱ्या कुणालाही ही जागा वाचून हसू येईल. प्रायमरी की-मध्ये काव्य शोधत बसलेली विद्वान मंडळी! पण क्राउस अत्जेला छोटं करत नाहीत. त्या म्हणतात, संग्रहालयाच्या भिंतीवर टांगण्यासाठी आपण एका कारागिराला 'लेखक' बनवलं आणि तसं करताना त्याच्या कामाची खरी जागा पुसून टाकली.

रोदँवरचा निबंध याच धाग्यावर आहे. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत रोदँचं भव्य प्रदर्शन भरलं. तिथे 'नरकाचं दार' या शिल्पाचं नव्याने ओतलेलं ब्राँझ होतं आणि ते ओतण्याच्या प्रक्रियेची फिल्मही दाखवत होते. रोदँ १९१७ मध्येच वारला. तो जिवंत असताना हे दार ब्राँझमध्ये एकदाही ओतलं गेलं नव्हतं. मात्र आपल्या प्लास्टरवरून प्रती काढण्याचा अधिकार त्याने फ्रेंच सरकारला देऊन ठेवला होता. मग समोरचं दार अस्सल की नक्कल? क्राउस यांचं उत्तर: मुळात मूळ प्रतच नसलेली ही प्रत आहे, आणि रोदँ स्वतः आपल्या आकृत्या पुन्हा पुन्हा वापरणारा माणूस होता. प्रदर्शनाशी संबंधित अभ्यासक ॲल्बर्ट एल्सन यांनी याला 'ऑक्टोबर'मध्येच रागाचं पत्र लिहिलं. क्राउस यांनी उत्तर दिलं. अवाँ-गार्द कलावंत 'मी शून्यातून सुरुवात करतो' म्हणतो आणि मग चौकटींची तीच जाळी काढतो जी आधी शंभरांनी काढलेली असते. अस्सलपणा ही एक कथा आहे, आणि तिच्यावर म्युझियम, बाजार आणि कला-इतिहास या तिघांचं घर चालतं.

लेओनाचे डोळे

इथपर्यंत मी क्राउस यांच्याबरोबर चालत येते. पुढे एका पुस्तकापाशी थांबावं लागतं, आणि ते पुस्तक 'नाद्या' आहे.

नाद्या काल्पनिक नव्हती. तिचं खरं नाव लेओना देलकूर. ऑक्टोबर १९२६ मध्ये तिची आणि ब्रेताँची रस्त्यावर भेट झाली, काही दिवस ती दोघं पॅरिसभर भटकली. १९२७ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. १९२८ मध्ये पुस्तक आलं. १९४१ मध्ये ती अशाच एका रुग्णालयात वारली.

पुस्तकातले फोटो बघा. ब्वाफारने टिपलेली हॉटेलं, चौक, कॅफे आहेत. मॅन रेने काढलेले एल्युआर, पेरे, देस्नोस या कविमित्रांचे चेहरे आहेत. लेओनाने काढलेली चित्रं आहेत. लेओनाचा चेहरा नाही. १९६३ मध्ये ब्रेताँने सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा एक नवी प्रतिमा घातली. लेओनाच्या फोटोतली फक्त डोळ्यांची पट्टी, एकाखाली एक चार वेळा.

क्राउस यांचं यंत्र या चित्राला लावलं तर ते अचूक चालतं. चौकट कापली, फट पाडली, पुनरुक्ती केली. मा-मा-मा-मा. डोळ्यांची खूण झाली. पण ज्या बाईचे ते डोळे आहेत, तिचं काय झालं? हे चित्र छापलं तेव्हा ती जाऊन २२ वर्षं झाली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. कसं चालतं हे सांगणाऱ्या समीक्षेत हा प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

हा आक्षेप तसा नवा नाही. १९८५ मध्येच, म्हणजे 'लामूर फू'च्याच वर्षी, व्हिटनी चॅडविक यांचं 'विमेन आर्टिस्ट्स अँड द सररिअलिस्ट मूव्हमेंट' आलं. चॅडविक यांनी चौकटी आखल्या नाहीत. लिओनोरा कॅरिंग्टन, रेमेदिओस वारो, डोरोथिया टॅनिंग यांची आयुष्यं आणि कामं एकेक करून समोर ठेवली, पुरुषांच्या चित्रांतल्या 'स्त्री'पलीकडे खऱ्या स्त्रिया काय करत होत्या ते दाखवलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली, की एकाच चळवळीच्या दोन वेगळ्या खोल्यांत आल्यासारखं वाटतं. एका खोलीत प्रतिमा आहेत, दुसरीत माणसं.

क्राउस यांना ही टीका ठाऊक होती. १९९९ च्या 'बॅचलर्स' या पुस्तकात त्यांनी फक्त स्त्री-कलावंतांवर लिहिलं आणि सुरुवात क्लोद काऊँ आणि डोरा मार यांच्यापासून केली. त्यांचं उत्तर असं, की अतिवास्तववादी फोटोंना सरळ स्त्रीद्वेष्टे म्हणणं उथळ आहे. त्या फोटोंत स्त्री-पुरुष या चौकटीच विरघळतात आणि बघणाऱ्या पुरुषाची मालकी डळमळते. प्रतिमेपुरतं हे मला पटतं. बेलमरच्या बाहुलीसमोर कुठलाही पुरुष निवांत उभा राहू शकत नाही. पण बाहुली निर्जीव होती, लेओना नव्हती. काऊँचंच उदाहरण घ्या. मुंडण केलेल्या, मुखवटे घातलेल्या तिच्या 'स्वप्रतिमा' जगप्रसिद्ध आहेत. अनेक अभ्यासकांच्या मते त्यातल्या कित्येक फोटोंच्या वेळी कॅमेऱ्यामागे तिची आयुष्यभराची जोडीदार मार्सेल मूर होती. 'स्व' या एका अक्षरात दुसरी बाई गायब होते. कॅमेऱ्यापुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न केवळ गॉसिप नाही. फोटो कसा झाला याचाच तो भाग आहे.

म्हणून माझी तक्रार बाहेरून आणलेली नाही, ती क्राउस यांच्याच पहिल्या पायरीवरून येते. फोटो हा ठसा आहे, हे त्यांनीच शिकवलं. वाघाचं पाऊल दिसलं की जंगलातला माणूस दोन गोष्टी करतो. पाऊल वाचतो, आणि मग वाघ कुठे गेला ते बघतो. क्राउस यांच्याइतकं पाऊल कुणी वाचलं नसेल. वाघाच्या मागे मात्र त्या गेल्या नाहीत.

आता आपल्या फोनवर

हे सगळं आज इतकं महत्त्वाचं का वाटतं? कारण क्राउस यांचा युक्तिवाद आता चुकीच्या कामाला जुंपता येतो. चित्र बनवणाऱ्या मॉडेलांवर कुणी आक्षेप घेतला, की उत्तर तयार असतं: अस्सल असं काही नसतंच, सगळे कलाकार नक्कलच करतात, मोठमोठ्या समीक्षकांनीच हे सांगून ठेवलंय. क्राउस अर्धवट वाचल्या तर त्या या बाजूच्या वकील होऊ शकतात.

पूर्ण वाचल्या तर तसं होत नाही. त्यांचे दोन्ही प्रश्न या चित्रांना विचारून बघू.

पहिला: हे कसं झालं? आज प्रचलित असलेल्या बहुतेक मॉडेलांत सुरुवात होते नुसत्या मुंग्यांपासून, म्हणजे जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या तशा. तुमच्या शब्दांच्या दिशेने एकेक पायरी ती खरखर कमी करत जायची, की शेवटी चित्र उरतं. कुठल्याही एका वस्तूवरून प्रकाश परतलेला नाही. ठसा नाही. फुलपाखरू पानासारखं दिसतं याचा धक्का बसतो, कारण ते खरंच फुलपाखरू आहे. मॉडेलने काढलेलं पानफुलपाखरू कशाचीच नक्कल करत नाही, कारण ते आधी काही नव्हतंच. 'सररिअल' चित्रांनी आपल्याला झटका का बसत नाही, नुसता लाइक का द्यावासा वाटतो, याचं उत्तर १९८१ च्या निबंधात आहे. जिथे वास्तव सलग नाहीच, तिथे फट कशात पाडणार?

दुसरा: कुठल्या कप्प्यातून आलं? २०२२ चा 'लायन-५बी' हा सार्वजनिक डेटासेट घ्या. त्यात ५८५ कोटी जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत वेबवरच्या एका चित्राचा दुवा आणि त्या चित्राला कुणीतरी पानाच्या कोडमध्ये जोडलेला छोटा मजकूर. हे अत्जेचे क्रमांकच म्हणायचे, फक्त अब्जावधी. अशा जोड्यांवर शिकलेल्या मॉडेलला 'सररिअल' म्हणजे काय हे कुठून कळलं? ज्या ज्या चित्राखाली लोकांनी 'सररिअल' लिहिलं होतं, त्यावरून. वितळलेली घड्याळं येतात, कारण कप्प्यावर ती चिठ्ठी होती. ब्वाफारच्या अंगठ्याखाली ती चिठ्ठी क्वचितच असेल. म्हणजे स्टाईल म्हणून ओळखलेला अतिवास्तववाद आपल्याला परत मिळतो. जी चूक क्राउस यांनी समीक्षकांची म्हणून दाखवली होती, ती आता यंत्रात गोठली आहे.

आणि रोदँचा निबंध? तो प्रतींच्या विरोधात नव्हताच. प्रत असूनही अस्सलपणाचा भाव लावणाऱ्या आणि ओतकाम करणाऱ्यांचे हात लपवणाऱ्या व्यवस्थेवर तो होता. आज शून्यातून निर्माण झालं म्हणून जे आपल्याला विकलं जातं, त्याखालचं प्लास्टर कुणाचं हे विचारणं, हा त्या निबंधाचा खरा वारसा आहे.

तिसरा प्रश्न मात्र क्राउस यांच्या पुस्तकात नाही, तो आपल्याला जोडावा लागेल. समोर कोण होतं? त्या कोट्यवधी चित्रांत लोकांचे लग्नातले, वाढदिवसाचे, प्रवासातले चेहरे आहेत. मॉडेलमधून निघणाऱ्या चेहऱ्यात त्यांपैकी कुणीच नेमकं सापडत नाही, आणि त्यांच्याशिवाय तो चेहरा निघूही शकला नसता. शिवाय ज्यांचा चेहरा मुद्दाम उचलून, नको त्या शरीरावर बसवून फिरवला जातो, त्या मुली तर आपल्या कॉलेजांत आणि ऑफिसांत आहेत. 'प्रतिमा ही नुसती खूण असते' हे वाक्य त्यांच्यापैकी कुणाच्या समोर बसून म्हणून बघा.

क्राउस वाचाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन. सुरुवात रोदँच्या निबंधापासून करा, मग अत्जे, मग अतिवास्तववादी फोटो. आकृत्या आणि फ्रेंच नावं आडवी आली तर पुढे जा, पुन्हा मागे या. त्या एका सवयीतून तुम्हाला सोडवतील: चित्र बघितल्याबरोबर 'हे काय सांगतंय' आणि 'कुणी काढलंय' एवढंच विचारण्याच्या. 'नाद्या'ची १९६३ ची आवृत्ती कुठे हाताला लागली, तर डोळ्यांच्या पट्ट्यांचं ते पान नक्की उघडा. तिथे चारदा छापलेली ती नजर एकाच बाईची आहे आणि तिला नाव होतं. लेओना.